चार खिशांचा सफारी

रविवारी दुपारी घराबाहेर पडण्यापूर्वी श्रावणजी ढोले स्वतःची झडती घ्यायचे. सामाईक गॅलरीत, आपल्या दाराबाहेर, बूट घालून ताठ उभे राहायचे आणि अंगातल्या राखाडी सफारीच्या चारही खिशांवर एकेक थाप मारायचे. छातीवरचा डावा, छातीवरचा उजवा, खालचा डावा, खालचा उजवा. प्रत्येक थापेबरोबर तोंडाने एकेक शब्द: "पयली. दुसरी. च्या. कुलूप." मग घराकडे मान वळवून हाक मारायचे, "येतो वं! हारून येतो!" आतून त्यांची बायको म्हणायची, "मापात हारा."

मी हा प्रयोग पहिल्यांदा पाहिला त्या दिवशी आम्ही नुकतेच शनिवार पेठेतून खडकीला राहायला आलो होतो. पेठेतल्या माणसाला खडकी म्हणजे परगाव. निघताना आत्याने दशम्यांचा डबा दिला होता आणि "पोचलास की कळव" असं बजावलं होतं. तो डबा हातात धरून मी गॅलरीत उभा, आणि समोर एक गृहस्थ स्वतःला थापा मारून, हरायला चाललोय असं आनंदाने जाहीर करून जिना उतरतायत! धंद्याने मी सूत्रसंचालक. साखरपुडे, निरोपसमारंभ, गणपतीतले कार्यक्रम, कुठेही माइक द्या, मी दोन तास हलत नाही. असं पात्र शेजारी आयतं मिळाल्यावर माझ्या तोंडाला पाणी सुटलं. संध्याकाळपर्यंत थापांसकट नक्कल तयार झाली. मंजिरीला, म्हणजे माझ्या बायकोला, करून दाखवली. ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "अहो, पण त्यांचं नाव तरी विचारलंत का?"

नाव दुसऱ्या दिवशी कळलं, आणि ते कुठे हरायला जातात तेही. श्रावणजी मूळचे अमरावतीकडचे. ऐन तरुणपणी खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तोफगोळ्यांत दारू भरत राहिले. क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा आमच्या इमारतीत दोन खोल्यांचं घर घेतलं. इतकी वर्षं पुण्यात काढूनही त्यांची भाषा जशी एसटीतून उतरली होती तशीच होती, तिची घडीसुद्धा मोडली नव्हती. पावसाळ्यात घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम सुरू झाला की दर रविवारी ते बसने रेसकोर्सवर जायचे.

"घोड्यांवर लावता?" मी आवाज शक्य तितका खाली आणून विचारलं. पेठेत वाढलेल्या माणसाला हे वाक्य मोठ्याने उच्चारता येत नाही.

"लावतो ना भाऊ. हळू काहून बोलता? घोड्याले ठाऊक हाये."

मग गॅलरीच्या कठड्यावर बोटाने चौकोन काढत त्यांनी मला आपली पद्धत समजावली. "आमच्या कारखान्यात सारी दारू एका खोलीत नव्हते ठेवत. थोडी या खोलीत, थोडी त्या खोलीत. मंधात मातीचा हा एवढा बांध. दारावर पाटी, आत माल किती अन् मानसं किती. काहून? तर एक खोली उडाली, उडू द्या. तिच्या पायी दुसरी नाही उडाली पाह्यजे. मी तेच खिशाले लावलं."

छातीवरचा डावा खिसा म्हणजे पहिली खोली. तिच्यात शंभराच्या तीन नोटा. एका शर्यतीला एकच. तिन्ही गेल्या की खिशाचं बटण लावायचं आणि पुढची शर्यत नुसती पाहायची. याला ते 'धूर बसू देनं' म्हणायचे, कारण हरल्या हरल्या डोक्यात धूर असतो आणि धुरात माणूस दार चुकतो. धूर बसला की दुसरी खोली उघडायची. तिच्यात पन्नासाच्या तीन नोटा. म्हणजे हरल्यावर डाव अर्धा. त्याही गेल्या की घरी, पुढच्या शर्यतीत खुद्द इंद्राचा घोडा धावणार असला तरी. खालच्या डाव्या खिशात चहाचे, भेळेचे आणि बसचे पैसे. त्याला खेळात प्रवेश नाही. आणि खालचा उजवा खिसा म्हणजे कुलूप. त्याची झडप त्यांच्या बायकोने, वत्सलाबाईंनी, दोऱ्याने शिवून टाकलेली. वर फक्त मातीच्या गल्ल्याला असते तेवढी फट. जिंकलेली नोट घडी करून त्या फटीतून आत सरकवायची. बाहेर काढायची तर टाके उसवायला हवेत, आणि कात्री घरी, वत्सलाबाईंच्या शिवणाच्या डब्यात.

"जिंकलेला पैसा सगळ्यात गरम राह्यते," ते त्या खिशावर तळवा ठेवून म्हणाले. "त्याले तेथंच हात लावला का हात जाते."

"पण बाकीचे लोक म्हणतात, हरलं की दुप्पट लावायचं. एकदा लागलं की सगळं वसूल."

"हो ना. आग लागली का तिच्यावर अजून माल टाकाचा! लय हुशार लोक हायेत ते. दर हंगामात नवेच दिसतात."

"तुमच्या पद्धतीने जिंकता येतं मग?"

"कोन म्हने? हे जिंकाची पद्धत नाही भाऊ, हाराची हाये. जिंकाची पद्धत मह्याजवळ हाये असं जो म्हनते ना, त्याच्याजवळ घरी जाले बसचे पैसे नसतात."

"मग जाता तरी कशाला?"

ते जरा वेळ कठड्यावरचे चौकोन पुसत राहिले. "कारखान्यात आमाले पळाले मनाई होती. काहीबी होवो, चालाचं. पळता पळता पाय घसरला अन् हातातलं खाली पडलं तर? सारी नोकरी मी हळूहळू चाललो. आता मले कोनाले तरी सुटून पळताना पाहाले आवडते. अन् नुसतं पाहाले बसलो तर झोप लागते. शंभराची नोट लावली का डोळा उघडा राह्यते."

हे सगळं मी मनात टिपून घेतलं. जुगाराबद्दल इतकं शहाणपणाचं बोलणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता, पण मी टिपलं ते शहाणपण नव्हतं. मी टिपलं 'घोड्याले ठाऊक हाये'.

खरा प्रयोग मात्र संध्याकाळी असायचा. श्रावणजी जिना चढून यायचे आणि बंद दारासमोर बूट न काढता उभे राहायचे. पावलं ओळखून वत्सलाबाई दार उघडायच्या आणि उंबऱ्याच्या आत थांबायच्या.

"काहो, आज किती?"

"साडेचारशे." हे मोठ्याने, पण मान खाली.

"हारले?"

"हारलो."

"आत या."

मग बूट निघायचे. एवढंच. त्या माउलीने कधी एक शब्द जास्त विचारला नाही की कमी. लग्न नवं असताना श्रावणजींनी एकदा सगळा बोनस रेसवर घालवला होता आणि कारखान्यात मिळालाच नाही असं घरी सांगितलं होतं. खरं कळलं तेव्हा वत्सलाबाई भांडल्या नाहीत. म्हणाल्या, कारखान्याच्या फाटकावर आगपेटीसाठी तुमचे खिसे रोज तपासतात, त्याची तुम्हाला लाज वाटत नाही. आता घराच्या फाटकावर मी तपासणार. मी विचारीन, तुम्ही चारचौघांना ऐकू जाईल असं सांगायचं. तेव्हापासून ही पद्धत. श्रावणजी म्हणायचे, "दोन बांध मी घातले. तिसरा तिनं. मातीचा बांध पावसानं खचते, हा नाही खचत."

आमच्या गॅलरीत टाचणी पडली तरी सगळ्यांना ऐकू जातं. तो आकडाही जायचा. पण पुणेकरांचा एक अबोल गुण इथे सांगितला पाहिजे. त्या वेळी प्रत्येकाला घरात काहीतरी काम निघायचं. शेजारचे आपटे, बँकेतून निवृत्त झालेले, इमारतीतल्या कुठल्या कुकरने किती शिट्ट्या दिल्या याची ज्यांना बित्तंबातमी, ते नेमकी त्या वेळी आपली खिडकी लावून घ्यायचे. श्रावणजींच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या असायच्या. त्या लाल पाळ्या पाहणारा इमारतीत एकटा मीच होतो, पडद्याच्या फटीतून, कारण मला नकलेत त्या हव्या होत्या.

माझ्या कार्यक्रमांत 'चार खिसेवाले काका' तुफान चालायला लागले. नाव बदललं होतं, एवढी सभ्यता पाळली. लोणी काळभोरच्या एका लग्नात तर वऱ्हाडी मंडळींनी तीच नक्कल जेवणानंतर पुन्हा करायला लावली. श्रावणजींना यातलं काही माहीत नव्हतं. ते मला कौतुकाने 'माइकवाले भाऊ' म्हणायचे आणि माझा आवाज रेडिओवर हवा होता असं सांगायचे.

एका उन्हाळ्यात वत्सलाबाई गेल्या. फार दिवस आजारी नव्हत्या. अमरावतीहून मुलगी, कल्पना, आली, पंधरा दिवस राहिली, "बाबा, चला तिकडं" म्हणाली, आणि एकटीच परत गेली. श्रावणजी दिवसभर गॅलरीत बसायचे. पावसाळा सुरू झाला, रेसकोर्सवर घोडे आले असतील, पण सफारी खुंटीवरून हलला नाही. मग एका शनिवारी ते आमच्या दाराशी आले.

"माइकवाले भाऊ, एक काम होतं. उद्या जावं म्हनतो. पन वापस आल्यावर दारात कोनीतरी इचाराले पाह्यजे."

"म्हणजे?"

"ते, 'आज किती' म्हनून. दोन बांध हायेत मह्याजवळ. तिसरा गेला ना. त्याच्याबिना गेलो तर मी मलेच भेतो. तुमचा तर इचाराचाच धंदा हाये. बस, ती इचारे तसं इचाराचं. बाकी काही नाही कराचं."

सूत्रसंचालकाला 'बाकी काही करायचं नाही' असं सांगणं म्हणजे मांजराला दूध राखायला सांगणं. पण पहिल्या रविवारी मी खरंच काही केलं नाही. त्यांच्या दारात आतल्या बाजूला उभा राहिलो, विचारलं, त्यांनी मान खाली घालून साडेचारशे सांगितले, मी "आत या" म्हटलं. बूट काढताना त्यांनी हात जोडले. मलाही भरून आलं.

भरून येणं ही गोष्ट माझ्याकडे फार टिकत नाही. दुसऱ्या रविवारी ते जिना चढत होते तेव्हा माझ्या तोंडून सवयीने गेलं, "रसिकहो, आपण ज्यांची आतुरतेने वाट पाहत होतो..." वरच्या मजल्यावर कुणीतरी खुदकन हसलं. श्रावणजी थबकले. आणि मग, बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच, त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मी शपथेवर सांगतो, ते हसू पाहून मला वाटलं की आपल्या हातून पुण्य घडतंय. पुढच्या रविवारी मी तयारीने उभा राहिलो.

"श्रावणजी, आज कुठल्या खोलीत स्फोट?"

"दोन्ही!"

"जीवितहानी?"

"एक मानूस होरपळला, पन चालून राह्यला!"

टाळ्या. लोक गॅलरीत खुर्च्या टाकून बसायला लागले. खालच्या मजल्यावरून मंडळी चहाचे कप घेऊन वर यायची. जिथे पूर्वी सगळे तोंड फिरवायचे तिथे आता पहिल्या रांगेसाठी वशिला लागू लागला. श्रावणजींची मान वर झाली. ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर दोन क्षण थांबून मगच पुढे यायला शिकले. हे थांबणं कुणाकडून उचललं ते मला माहीत होतं. मीच स्टेजवर तसं थांबतो. मंजिरी एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, तुम्ही विचारता की कार्यक्रम करता?" मी म्हटलं, "त्यांना किती बरं वाटतंय बघ!" ती म्हणाली, "बघतेय ना. कानसुद्धा लाल होत नाहीत आता." मला वाटलं, ही माझं कौतुकच करतेय.

मग एका रविवारी आकडा आला: नऊशे.

गॅलरीत क्षणभर शांतता झाली. साडेचारशेच्या पुढे आकडा कधी गेलाच नव्हता, जाऊच शकत नव्हता. मी शांतता सहन करणारा माणूस नाही. दोन्ही हात पसरून म्हटलं, "विक्रम! रसिकहो, विक्रम!" आणि जो हशा उसळला तसा त्या हंगामात उसळला नव्हता. आपटे एकटेच खिडकीतून म्हणाले, "टाळ्या कसल्या वाजवताय? गेलेत ते पैसे." आपट्यांचा स्वभावच तसा, असं म्हणून आम्ही त्यांना सोडून दिलं. पुढे दोन हजार झाले. मग साडेतीन. दर वेळी हशा आधीच्यापेक्षा मोठा. मीही नवनवीन वाक्यं रचत होतो. एवढे पैसे येतात कुठून, हा प्रश्न मला कधी पडला नाही. प्रश्न विचारायचा माझा धंदा, असं श्रावणजी म्हणाले होते.

हंगाम अर्ध्यावर आला तेव्हा मी त्यांच्याबरोबर रेसकोर्सवर गेलो. काळजीने गेलो असं लिहायला मला आवडलं असतं. मी गेलो होतो नकलेसाठी नवा माल मिळतो का ते पाहायला. टोपी कपाळावर ओढून घेतली होती, न जाणो पेठेतलं कुणी भेटायचं.

पहिल्याच शर्यतीला श्रावणजींनी छातीवरच्या डाव्या आणि उजव्या दोन्ही खिशांत एकदम हात घातला. शंभराच्या नव्हे, पाचशेच्या नोटांची घडी निघाली. मी म्हटलं, "श्रावणजी, पहिली खोली... धूर..." ते म्हणाले, "अवो, साडेचारशेले आता कोन हासते?" शर्यत सुटली. हजारो माणसं कठड्याकडे धावली, माती उडवत घोडे समोरून गेले, आणि ज्या माणसाला कोणालातरी सुटून पळताना पाहायचं होतं तो माणूस मैदानाकडे पाठ करून उभा होता. त्यांचे ओठ हलत होते. मी जवळ गेलो.

"'आज गोदामच उडालं.' असं म्हनू?" त्यांनी मला विचारलं. "का आधी नुसतं 'काही नाही राह्यलं' म्हनू, मंग थांबू, अन् मंग आकडा सांगू? तुमाले काय वाटते? तुमाले त्यातलं समजते."

पुढच्या शर्यतीत त्यांचा घोडा चुकून जिंकला. त्यांनी नोटा घेतल्या, कुलपाच्या फटीत सरकवल्या, आणि लगेच पँटच्या खिशातून नखं कापायचं यंत्र काढून झडपेचे टाके कचाकच तोडले. आतले सगळे पैसे बाहेर काढून पैसे लावायच्या खिडकीकडे निघाले. मी त्यांचा दंड धरला.

"कुठून आणता एवढे?"

"तिच्या आजारपनासाठी ठेव होती बँकेत. मोडली. आता कोनासाठी ठेवाची?"

"ती संपली की?"

"मंग पेन्शन हाये. घर हाये." हे ते इतक्या सहज म्हणाले, जणू पुढच्या रविवारच्या कार्यक्रमपत्रिकेतल्या बाबी सांगतायत. मग माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले, "घराचा आकडा सांगतला ना, तर आपटेबी हासन!"

ते माझ्या आवाजात बोलत होते. शब्द अमरावतीचे, पण थांबणं माझं, डोळा मिचकावणं माझं, शेवटचा शब्द किंचित उंच करून सोडून देणंही माझं. मी आयुष्यभर लोकांच्या नकला केल्या. माझी नक्कल पहिल्यांदा पाहत होतो, आणि ती करणाऱ्या माणसाला ती नक्कल आहे हे माहीत नव्हतं. तिथे, त्या गर्दीत, मला इतकी लाज वाटली की मी टोपी काढून हातात घेतली. आता पेठेतल्या कुणी पाहिलं असतं तरी चाललं असतं.

बसमध्ये ते ओठ हलवत राहिले. त्यांचं वाक्य बसलं होतं. खडकीला उतरल्यावर मी भराभर पुढे गेलो, त्यांनी माझ्याकडे देऊन ठेवलेल्या किल्लीने त्यांचं दार उघडलं आणि उंबऱ्याच्या आत जाऊन उभा राहिलो. गॅलरी भरलेली होती. कुणीतरी म्हणालं, "आज साहेब स्वतः जाऊन आलेत, आज रंगणार!" श्रावणजी वर आले. शेवटच्या पायरीवर थांबले. मग छाती पुढे काढून दारासमोर आले आणि माझ्या 'रसिकहो'ची वाट पाहू लागले.

"काहो," मी म्हटलं, "आज किती?"

आवाज मी खाली ठेवला होता. वत्सलाबाई विचारायच्या तसा. पडद्याच्या फटीतून इतकी वर्षं ऐकत आलो होतो, नक्कल मला येत होतीच. पण त्या संध्याकाळी मी नक्कल केली नाही. श्रावणजींनी तोंड उघडलं. 'काही नाही राह्यलं' बाहेर पडणार होतं. ते माझ्याकडे बघत राहिले, मी हसेन म्हणून वाट पाहत. मागे कुणीतरी आधीच हसायला सुरुवात केली होती, ते हसू अर्ध्यात विरलं. श्रावणजींची नजर माझ्या तोंडावरून घसरली, गळ्यावर आली, मग उंबऱ्यावर. कानाच्या पाळ्यांना हळूहळू रंग चढला.

"अकरा हजार," ते म्हणाले. मोठ्याने नाही, पण ऐकू गेलं सगळ्यांना.

"हारले?"

मान खाली गेली. "हारलो."

मागे खुर्च्या सरकल्या. लोक आत गेले. आपट्यांच्या खिडकीची दारं, त्या हंगामात पहिल्यांदाच, हलकेच लागल्याचा आवाज आला.

"आत या," मी म्हटलं.

ते बूट काढायला वाकले, पण नाडी सुटेना. उंबऱ्यावरच बसले. मी खाली बसून नाडी सोडायला लागलो तर पाय मागे घेतला.

"लाज वाटली भाऊ," ते म्हणाले. "लय दिवसांनी वाटली. ती गेल्यावर वाटलीच नव्हती."

"मला तर पहिल्यांदाच वाटतेय," मी म्हटलं. हे मी विनोदाने म्हटलं नव्हतं, पण त्यांना हसू आलं. मलाही. त्या हसण्याला टाळ्या नव्हत्या.

त्या आठवड्यात मंजिरीने कुलपाची झडप शिवून दिली, पक्क्या दुहेरी टाक्याने. मोडलेल्या ठेवीतले उरलेले पैसे कल्पनाच्या नावाने ठेवायला आपटे स्वतः बँकेत बरोबर गेले. तिथल्या माणसांना सहीवरून दोनदा सुनावूनही आले. हंगाम संपेपर्यंत श्रावणजी जात राहिले, पहिली, दुसरी, चहा, कुलूप. साडेचारशेच्या वर आकडा गेला नाही. एकदा तर तीनशे जिंकून आले, तेव्हा मंजिरीने कात्री आणली आणि मी आपट्यांसाठीसुद्धा पेढा नेऊन दिला. "रेसचा आहे का?" त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर म्हणाले, "ठेवा. पेढ्याला ठाऊक नाही."

दिवाळीनंतर कल्पना न्यायला आली आणि या वेळी श्रावणजींनी नाही म्हटलं नाही. अमरावतीला घोड्यांच्या शर्यती नाहीत. "बैल पाहीन पळताना," ते म्हणाले. सामान रिक्षात गेलं. सफारी अंगातच होता. गॅलरीत ते माझ्यासमोर आले, सवयीने चारही खिसे थापटले, आणि म्हणाले, "माइकवाले भाऊ, मले इचाराले तर आता पोरगी हाये. तुमाले कोन इचारते?"

"काय?"

"लोनी काळभोरच्या लग्नात मह्या साडूचं पोरगं होतं. ते 'चार खिसेवाले काका' त्यानं पाह्यले. फोनवर दाखोलेबी मले." त्यांच्या आवाजात राग नव्हता. कठड्यावर बोटाने चौकोन काढायला लागले होते. "चांगलं केलं तुमी. कान बराबर होते. पन भाऊ, बांध कुठं हाये तुमचा? ऐका. पयली खोली म्हंजे सोताची फजिती. त्याच्यावर हासवा. ते संपलं तर जरा धूर बसू द्या. मंग दुसरी, समोर बसलेला मानूस, पन अर्ध्या मापानं. अन् जो तेथं नाही, ज्याले बोलता येत नाही, तो खिसा शिवलेला. त्याची कात्री स्टेजवर न्याची नाही."

"आणि विचारणार कोण?"

"मी हाये ना. फोन कायले घेतला?"

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी अमरावतीहून फोन येतो. नमस्कार नाही, तब्येत नाही. "काहो, आज किती?" मी गेल्या आठवड्यातल्या कार्यक्रमांचा हिशेब देतो. स्वतःवर अमुक हशे, समोरच्या व्याह्यांवर एक, तोही बेतानं. कधी जीभ घसरलेली असते. मग नाव सांगावं लागतं. मंजिरी स्वयंपाकघरात असते, पण त्या वेळी मिक्सर बंद करून बाहेर जाते. माझे कान लाल होतात असं ती म्हणते. मी 'हरलो' म्हणतो, तिकडून "आत या" येतं, आणि अमरावतीहून आलेल्या त्या आमंत्रणावर मी माझ्याच घरात बूट काढतो. माझ्या धंद्याचं नुकसान झालं का? थोडं झालं. चार खिसेवाले काका बंद केले तेव्हा दोन मंडळांनी मला बोलावणं सोडलं.

आज शनिवार आहे. हे सगळं मी लिहून काढलंय: त्यांच्या थापा, त्यांचे कान, वत्सलाबाईंचा उंबरा, आणि नावसुद्धा. ते इथे नाहीत, आणि लिहिताना दोन-तीन ठिकाणी मी मोठ्याने हसलोही. कात्री कुणाच्या डब्यातून काढली ते मला ठाऊक आहे. उद्या संध्याकाळी फोन वाजेल. ते विचारतील, किती. मी म्हणेन, एकच, पण शिवलेल्या खिशातला. ते विचारतील, कोनाचा? मग मला सांगावं लागेल. त्यावर ते विचारतील, "हारले?" हरलो म्हणेन. उद्या दिवसभर मी कुठे जाणार नाही, पण संध्याकाळी बूट घालून दाराबाहेर उभा राहणार आहे. तिकडून "आत या" येईपर्यंत ते काढायचे नाहीत.